ढगाळ दिवसाची सावली

भादवा लागला की मला आधी वास येतो. पाऊस थांबलेला असतो, ऊन पडतं ते अंगाला चावतं, आणि जमिनीतून एक आंबूस, कोंदट वाफ वर येते. सोयाबीनची पानं पिवळी पडायला लागलेली, रस्त्याच्या कडंचं साचलेलं पाणी हिरवं झालेलं, आणि मधूनच आभाळ असं गच्च भरतं की भर दुपारी दिवा लावावासा वाटतो. सून म्हणते, "आत्याबाई, खिडक्या उघडू का? कोंडायलंय का तुम्हाला?" खिडक्या उघड्याच असतात. कोंडतं ते निराळंच काही.

यंदा भादव्यातच मुक्ताचा फोन आला. मुक्ता माझी नात. पुण्याला आभाळाचा अभ्यास करते. मला तिच्या अभ्यासातलं किती कळतं ते सोडा, पण मी विचारते. विचारायला काय जातंय? वाचायला मी घरीच शिकले, तेही पोरं शाळेत जायला लागल्यावर, त्यांच्याच पुस्तकांतून. त्यामुळं मला प्रश्न विचारायची लाज कधी चिकटलीच नाही.

"मुक्ते, तू दिवसभर करतीस काय गं?"

"जे दिसत नाही ते शोधते, आजी."

"मग सापडलं का?"

"नाही अजून."

"अन् तरी पगार देतात?"

ती हसली. मग तिनं मला समजेल असं सांगितलं. जोंधळ्यावर पाखरं बसली की गोफण फिरवायचो ना आम्ही, तसे हे तारे आकाशगंगेच्या मध्याभोवती फिरतात. पण काठावरचे तारे इतक्या जोरात फिरतात, की कधीच भिरकावले जायला हवे होते. जे जे दिसतं त्या सगळ्याचं वजन धरलं, तरी त्यांना ओढून धरायला पुरत नाही. म्हणजे गोफणीचा दगड फिरतोय आणि दोरी दिसत नाही.

"मग दोरी हाय कशावरून?"

"दगड उडून जात नाही, त्यावरून."

हे ती सहज बोलून गेली. तिच्या पलीकडून कुणाची तरी चहाची हाक आली आणि फोन ठेवला. मी मात्र तशीच बसून राहिले. कारण न दिसणाऱ्या गोष्टीची असली साक्ष मी लहानपणी ऐकली होती, बोरीला, निजामाच्या राजवटीत, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या सालांतल्या एका भादव्यात. त्या भादव्यात आमच्या अंगणात एक माणूस गेला. तो कशानं गेला, या प्रश्नावर त्याच्या बायकोचं गावात राहणं न राहणं लटकलं होतं.

बोरी माझं माहेर. जिंतूरकडचं मोठं गाव. आमचं लिंगायत वाण्याचं घर, पुढं दुकान, मागं अंगण, आणि अंगणाच्या पोटात पेव. आताच्या पोरांना पेव सांगावं लागतं. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड अरुंद, एक माणूस कसाबसा उतरेल एवढं. आत मात्र रांजणासारखं फुगत गेलेलं. सुगी झाली की आत कडबा-भुसा लावून जोंधळा ओतायचा, तोंडावर दगडी चीप ठेवायची, मातीनं लिंपून टाकायचं. वरून माणसं, गुरं, गाड्या खुशाल जायच्या. आपल्या पायाखाली अंधार भरून ठेवलाय, हे आम्ही विसरूनही जायचो.

पेव उघडायचं ते घरातला दाणा सरत आला की. आणि उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही. आधी पेवाला विचारायचं. माझे आजोबा, त्यांना सगळे अप्पा म्हणायचे, कपाळाला भस्माचे पट्टे ओढून तोंडाशी उकिडवे बसायचे आणि दोरीला पणती बांधून हळूहळू आत सोडायचे. पणती जळत राहिली, तर पेवाचा धनी, आत राहून दाणा राखणारा, हो म्हणाला. विझली, तर नाही म्हणाला. मग तोंड उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं.

"अप्पा, धनी कसा दिसतो?"

"दिसला आसता तर इचारावं कशाला लागलं आसतं, कांते?"

दुसरा एक नियम होता. उघड्या पेवावर बाईची सावली पडू द्यायची नाही, धन्याला खपत नाही. पोरींच्या सावलीला कोणी मोजत नसे, त्यामुळं मी खुशाल वाकून बघायची. आत काळंभोर. तोंडाला ऊब लागायची आणि डोकं गरगरायचं. मला वाटायचं, धन्याचा श्वास.

त्या सालात विश्वनाथकाका हैदराबादेहून घरी आला होता. वडिलांचा धाकटा भाऊ. तिकडं उर्दूत शिकलेला, शेरवानी घालणारा, आणि खिशात ब्याटरी. बटण दाबलं की उजेड, वारा आला तरी हलायचा नाही. गावातली अर्धी माणसं दुकानात येऊन आधी ब्याटरी बघायची आणि मग गूळ मागायची.

दिवेलागणीला मी आणि काका माळवदावर चढायचो. आमची घरं मातीच्या धाब्याची, वर सपाट. ढगांत फट पडली तर तेवढंच आभाळ दिसायचं. अप्पा खालून ओरडायचे, "मंगळ वक्री झालाय, पोरीला वर नेऊ नको." काका मला हळूच सांगायचा, "मंगळ कुठं बी वळत न्हाई कांते. जिंतूरच्या रस्त्याला आपली गाडी दुसऱ्या गाडीला मागं टाकती, तवा ती दुसरी गाडी मागं चालली आसं वाटतं का न्हाई? तसं हाय. पृथ्वी पळायलीय, मंगळ बी पळायलाय."

"मग आधीच्या लोकाला कळलं न्हाई व्हय?"

"त्याईनी पृथ्वी हालत न्हाई आसं धरलं व्हतं. मंग मंगळ मागं जाताना दिसला की हिशेब जुळवायला त्याच्या वाटंत चाकात चाक बसवायचे. जमलं न्हाई की अजून एक चाक. चाकं वाढत गेली, पन पृथ्वीला हात लावायची कोनाची छाती झाली न्हाई. शेवटी एकानं लावला."

"मग काय झालं?"

"मंग समदी चाकं गळून पडली."

अप्पांनी जिन्यातूनच ऐकलं असावं. वर येऊन म्हणाले, "पृथ्वी पळती तर मी कालच्याच जागी कसा उठतो रे?"

"तुमी बी तिच्यासंगं पळायलाव, अप्पा."

"ह्या वयात? मला ढोपरं साथ देईनात अन् म्हनं पळायलाव." आणि स्वतःच खो खो हसले. भांडत असले तरी एकमेकांवर फार जीव होता त्यांचा. हे सांगून ठेवते, कारण पुढं जे घडलं त्यात कुणी दुष्ट नव्हतं.

त्या साली पेव अर्धंच भरलं होतं. लेव्ही म्हणून, सक्तीच्या वसुलीत, बराच जोंधळा सरकारात गेलेला. जो उरला त्यावर आमचं घर आणि आमच्याकडं राबणारी घरं, नवं पीक हाती येईस्तोवर. अप्पांनी चीप काढवली, पणती सोडली. विझली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सोडली. पुन्हा विझली, आणि तेवढ्यात पश्चिमेनं आभाळ भरून यायला लागलं. त्या दिवशी सूर्य उगवला की नाही तेच कळलं नाही. सगळं अंगण शिशाच्या रंगाचं झालेलं, कुठं वाऱ्याची झुळूक नाही, कोंबड्या सकाळीच खुराड्यात जाऊन बसलेल्या. एकदा लिंपण फुटलं की ओल्या हवेत नवं लिंपण वाळत नाही. चीप ठेवली तरी अंगणाचं पाणी फटीतून आत जाणार.

"अप्पा, पानी आलं तर समदा जोंधळा कुजंल," काका म्हणाला. "खानार काय?"

"धनी न्हाई म्हनतोय."

"धनी न्हाई, वारा हाय. तोंडाशी वारा घुमतो, त्यानं पणती इझती. थांबा, न इझनारा दिवा आनतो."

त्यानं ब्याटरी सुतळीला बांधून खाली सोडली. पेवाचं पोट उजळून निघालं. मीही वाकले. कडब्याची लावणी, तिच्या गाठी, खाली जोंधळ्याचा मोत्यासारखा उतार. इतकी वर्षं ज्याला घाबरलो, ते हे एवढंच? मला तर हिरमुसल्यासारखं झालं.

"बघा," काका म्हणाला. "साप न्हाई, उंदीर न्हाई. कुठं हाय तुमचा धनी?"

"दिवा इझला व्हता, विश्वनाथ."

"हा इझला का?"

"हा इझायचा दिवाच न्हाई."

अप्पा हे रागानं बोलले. त्यात काय होतं हे तेव्हा त्यांनाही कळलं नाही, काकालाही नाही. मला कळायला अर्धं आयुष्य गेलं.

शेवटी अप्पांनी एकच हट्ट धरला. मोटेचा जाड दोर, नाडा, काखेखालून बांधल्याबगर उतरायचं नाही. "बांधा," काका म्हणाला, "तुमाला बरं वाटंल." आमचा सालगडी लिंबाजी नाडा धरून उभा होता. उंचापुरा, थट्टेखोर माणूस. म्हणाला, "धाकलं मालक, धनी भेटला तर माजा रामराम सांगा."

"सांगतो की. अन् तुजा हिस्सा बी मागतो."

लिंबाजीची बायको भिवरा त्याची भाकरी घेऊन आली होती. गोठ्याच्या भिंतीशी उभी होती, डोक्यावर पदर, हातात फडकं. तीही या बोलण्याला हसली.

एक टोपलं वर आलं. दुसरं आलं. मग खालून काही येईना.

"मालक? भरा की वो."

खाली उजेड होता. आवाज नव्हता. वडिलांनी आणि लिंबाजीनं नाडा ओढला, काका वर आला तो अरुंद तोंडाखाली आडवा अडकला. वरून ओढावं तर खांदा अडतो. लिंबाजीनं कुणाला विचारलं नाही. फटीतून पाय सोडले आणि काकाच्या अंगाला घासत खाली गेला. भिवरा "आवो, दोरी," एवढंच म्हणाली. दोरी एकच होती आणि ती काकाला होती. आत उजेड होता, म्हणून तो उतरला. पणती असती तर उतरला नसता.

त्यानं खालून रेटलं. काका मोकळा होऊन वर आला, निळा पडलेला, तोंड उघडं. त्याच्या पायांना धरलेले दोन हात काठापर्यंत दिसले आणि सुटले.

वडील उडी टाकणार, तेवढ्यात अप्पा पेवाच्या तोंडावर बसले. नुसते मांडी घालून बसले. म्हातारं, हाडकलेलं शरीर त्या भोकावर टाकून दिलं आणि म्हणाले, "माज्या अंगावरून जा." वडील रडत होते, शिव्या देत होते, बापाला हातानं ओढत होते. अप्पा हलले नाहीत. ते हलले असते तर माझे वडीलही गेले असते, हे आज मला ठाऊक आहे. त्या वेळी मला माझे अप्पा राक्षस वाटले.

विहिरीतल्या बादल्या काढायच्या गळानं लिंबाजीला काढलं. ते मी पाहिलं नाही, आईनं मला घरात ओढलं. संध्याकाळी बाहेर आले तर पाऊस बारीक पडत होता, चिपेवर घोंगडी टाकलेली होती, आणि चिपेच्या फटीतून उजेडाची एक रेघ वर येत होती. खाली ब्याटरी तशीच जळत होती. आत माणूस गेला, याची तिला खबर नव्हती. तिला दाणा दिसत होता, कडबा दिसत होता, बाकी काही तिच्यासाठी तिथं नव्हतंच. अंधाराला मी पुष्कळदा घाबरले असेन, पण त्या रेघेइतकी कशालाच घाबरले नाही. अंथरुणात पडल्या पडल्या मला वाटत होतं, ती घराखालून माझ्याकडं बघतेय.

काका वाचला. पण उठून बसायला त्याला दिवस लागले, आणि तेवढ्यात गावानं उत्तर शोधून काढलं होतं. उत्तर असं, की पेवावर भिवराची सावली पडली. धनी चिडला. घरच्या माणसाला नाडा होता म्हणून सोडलं आणि जिची सावली तिचाच माणूस घेतला. किती नीट बसतं बघा! पणती विझली हेही त्यात बसतं, काका वाचला हेही बसतं, लिंबाजी गेला हेही बसतं. ज्यांनी आदल्या दिवसापर्यंत धन्याचं नाव काढलं नव्हतं, तेही सांगायला लागले की आम्ही सावली डोळ्यांनी पाहिली. चावडीवर ठरलं, अमावास्या व्हायच्या आत तिनं गाव सोडावं, नाहीतर दुसरी पेवंही माणूस मागतील. भिवरा दोन जिवांची होती. माहेरी कुणी उरलं नव्हतं. जायचं कुठं, ते चावडीनं सांगितलं नाही.

आमच्या घरात हे अप्पांनी येऊन सांगितलं. आई दाराआड उभी होती. सासऱ्यासमोर ती कधी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"मामंजी, त्या दिशी ऊन कुठं व्हतं?"

मी आईच्या पदराला धरून होते, मला अप्पांचा चेहरा दिसत होता. क्षणभर त्यात काही हललं. मग त्यांनी ते मिटवून टाकलं.

"सावली ढगात बी पडती, सूनबाई. दिसत न्हाई एवढंच."

खरं सांगते, मला ते पटलं. इतकं पटलं की पुढं कित्येक दिवस आभाळ आलं की मी अंगणातून तिरकी चालायची, कुणाच्या न दिसणाऱ्या सावलीवर पाय पडेल म्हणून.

आता मुक्ता जे सांगते त्यात माझा जीव अडकतो तो इथं. तिची दोरीही न दिसणारी, अप्पांची सावलीही न दिसणारी. दोन्ही कशासाठी मानायच्या? तर हिशेब जुळावा म्हणून. मग तुमच्या विद्वानांत आणि बोरीच्या चावडीत फरक काय, असं मी तिला बोरीची सगळी हकिकत सांगून दुसऱ्या फोनवर विचारलंच. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "आजी, आम्हीही हेच विचारतो एकमेकांना."

तिनं मला दोन ग्रहांची गोष्ट सांगितली. एका ग्रहाची चाल बिघडलेली दिसली. लोक म्हणाले, पलीकडून न दिसणारा कुणी तरी त्याला ओढतोय. सांगितलेल्या जागी दुर्बीण लावली, आणि तिथं खरंच नेपच्यून होता. काय तो आनंद! मग बुधाची चाल थोडी बिघडलेली दिसली. लोक म्हणाले, इथंही तसाच न दिसणारा ग्रह असणार. त्याचं नावसुद्धा ठेवून झालं. डोळे फुटेस्तोवर शोधलं. नव्हताच. ओढण्याचा जो नियम सगळ्यांनी धरला होता, त्यातच उणं होतं. नियम बदलावा लागला, आणि त्याबरोबर सगळ्या विश्वाचं चित्रच बदललं.

"मग आत्ताचं तुमचं काय हाय? नेपच्यून का बुध?"

"तेच तर माहीत नाही."

आणखीही सांगते ती. विश्व फुगतंय म्हणे, आणि फुगण्याचा वेग कमी व्हायचा तर वाढतोच आहे, कोण ढकलतंय ठाऊक नाही. नुसतं नाव देऊन ठेवलंय. तो वेग दोन रीतींनी मोजला, दोन्हीकडची माणसं प्रामाणिक, आणि उत्तरं जुळत नाहीत. आधी वाटलं मोजताना चूक झाली असेल. पुन्हा मोजलं, फरक तसाच. ती उत्साहानं सांगते. मला मात्र वाटतं, ही सगळी हुशार पोरं एका उघड्या तोंडाशी बसलीत आणि खालून ऊब येतेय. इतक्या वर्षांत माणसानं आभाळात जे पाहिलं ते उजेडानं दाखवलेलं. आणि उजेडाला काय दाखवता येत नाही, ते मी अंगणात पाहिलंय.

आणखी एक गोष्ट मला त्या भादव्यानं शिकवली. काकाला चाकात चाक बसवणाऱ्यांची गोष्ट तोंडपाठ होती, आणि तरी त्यानं पणती विझताना पाहून वारा बसवलाच. अप्पांचं सांगणं त्याला खोटं वाटलं, म्हणून त्यानं अप्पांचं पाहणंही टाकून दिलं. धनी नव्हता, पण पणती तर विझत होती ना? जुनं चित्र फाडताना त्यावरचा खरा डागही फाडून टाकायची घाई होते. पुढं मुलाच्या शाळेच्या पुस्तकात मला त्या डागाचं नाव सापडलं. कोंडलेलं धान्यही श्वास घेतं; चांगली हवा संपवतं आणि जड, विषारी हवा खाली साठवून ठेवतं. दिव्याला आणि माणसाला एकच हवा लागते. तीन ओळी होत्या. मी त्या चुलीपुढं बसून वाचल्या आणि भाकरी करपली.

पण बोरीत तेव्हा या तीन ओळी कुणाजवळ नव्हत्या. अमावास्या जवळ आली होती.

अशात एके दिवशी ढग फाटले आणि असं लखलखीत ऊन पडलं की डोळे उघडवेनात. काकानं वडिलांना सांगून आपली बाज अंगणात टाकून घेतली. अजून त्याला बसतानाही धाप लागायची. चावडीवरची माणसं बोलावली, भिवराला बोलावलं. ती आली आणि पार लांब, दाराशी उभी राहिली. अप्पा आले ते काकाशी न बोलता. काकानं पणती नको म्हटलं, काचेचा कंदील मागितला.

"ह्याला वारा लागत न्हाई," तो म्हणाला. "मी म्हनलो व्हतो, वाऱ्यानं इझतो. बघू."

चीप सरकवली. वडिलांनी दोरीनं कंदील सोडला. दोरीला एक गाठ होती. गाठ काठाशी आली आणि काचेआडची ज्योत बारीक झाली, निळी झाली, गेली. कुणी फुंकर मारावी असं काही झालं नाही. नुसती गेली.

"माजा वारा खोटा निघाला," काका म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आता भिवरा, पुढं ये. तोंडावर तुजी सावली पाड."

माणसं मागं सरली. कुणीतरी "अरे अरे" म्हणालं. भिवरा आली. उन्हात तिची सावली काळी, ठसठशीत, पोटाशी गोल, पेवाच्या तोंडावर पडली. कंदील पुन्हा पेटवून सोडला. गाठीशी विझला. काकानं तिला मागं जायला सांगितलं. सावली निघून गेली, भोकावर ऊन पडलं. कंदील सोडला. गाठीशी विझला.

चावडीवरच्या माणसांतून पाटलांचा आवाज आला, "ही सावली गेली. पन त्या दिशीची, ती न दिसनारी? ती आतच बसली आसंल की."

दोन-चार माना हलल्या. मला वाटलं, संपलं. या म्हणण्याला उत्तरच नव्हतं. न दिसणाऱ्या सावलीला कुठल्या उन्हात उभं करणार? काकानं डोळे मिटून घेतले. आणि अप्पा, ज्यांनीच ती सावली पहिल्यांदा बोलून ठेवली होती, ते दोरीच्या गाठीकडं बघत होते. पुष्कळ वेळ बघत होते.

"विश्वनाथ," ते म्हणाले, "मंग तितं काय हाय रे?"

जन्मात पहिल्यांदा अप्पा त्याला विचारत होते.

"काय तरी हाय, अप्पा. दर बारीला त्याच जागी हाय. पन काय, ते मला ठाऊक न्हाई."

"माजा मानूस त्याच्यात गेलाय," भिवरा म्हणाली. ती पुढं आली, वडिलांच्या हातातली दोरी तिनं काढून घेतली, आणि पेवाच्या काठाशी बसली, पाटलांच्या समोर, सगळ्यांच्या समोर. "तुमाला ठाऊक न्हाई, ह्याईला ठाऊक न्हाई, मंग मला गावातून कशापायी काढायलाव? सांगा की. अन् सांगता येत नसंल तर कंदील पेटवा. मी सोडते. ठाऊक होईस्तोवर सोडते."

मग अप्पा तिच्याशेजारी, सावलीचा विचार न करता, गुडघे धरत खाली बसले. त्यांनी काच वर केली, काडी ओढली, आणि पेटलेला कंदील भिवराच्या हातात दिला.